मिसेस मोल्सवर्थच्या भुताच्या गोष्टी पोरांना सांगाव्यात का? (आणि ह्या डिक्शनरीवाल्या मोल्सवर्थच्या कोण?)

गच्चीवरची:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे, चुकीच्या विभागात टाकला असेल तर संपादकांनी हलवावा.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत रविवारी सकाळी मी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. वयं सात ते अकरा, काही मराठी वाचणारी, बरीचशी फक्त इंग्लिशवाली, त्यामुळे पुस्तक इंग्लिश धरायचं आणि सांगायचं मराठीत असा आमचा कारभार चालतो. मध्ये जुन्या बाजारात एका गठ्ठ्यात 'द कुकू क्लॉक' मिळालं, मिसेस मोल्सवर्थ यांचं, मूळ १८७७ चं (माझी प्रत नंतरची, कव्हर गायब). घेतलं ते आडनाव बघून, कारण मोल्सवर्थ म्हटलं की आपल्याला ती जाडजूड मराठी-इंग्लिश डिक्शनरीच आठवते, दुसरं काय.

पण पुस्तक भारी निघालं हो. ग्रिझेल्डा नावाची मुलगी, आजीच्या पिढीतल्या दोन म्हाताऱ्या बायकांकडे राहायला येते, मोठं जुनं घर, बरोबरीचं कुणी नाही, दिवसभर अभ्यास आणि शिस्त. एकदा चिडून ती घड्याळातल्या कुकूला पुस्तक फेकून मारते आणि घड्याळ गप्प होतं. मग तिला इतकं वाईट वाटतं की रात्री जाऊन माफी मागते आणि तो कुकू चक्क बोलायला लागतो, आणि तिला कुठं कुठं घेऊन जातो, माना डोलावणाऱ्या चिनी बाहुल्यांच्या देशात, फुलपाखरांच्या देशात, चंद्राच्या पलीकडच्या बाजूला. कुकू महा खडूस आहे, सारखा तिला ऐकवत असतो की तुला अजून खूप शिकायचंय. पोरांना तो फार आवडला, आता एकमेकांना तेच ऐकवतात.

तर झालं असं की एका चौथीतल्या कार्ट्यानं घरी जाऊन सर्च मारला आणि रविवारी येऊन जाहीर केलं की ह्या बाईंनी भुताच्या गोष्टी पण लिहिल्यात! आता कुकू बाजूला आणि 'काकू भुताची सांगा' सुरू. एका आईचा लगेच मेसेज, भुताबितांचं नको प्लीज, हा रात्री एकटा झोपत नाही. दुसऱ्या बाबांचं म्हणणं, हल्ली मोबाइलवर काय काय बघतात, तुमच्या व्हिक्टोरियन भुतानं काय होतंय.

तर विचारायचं होतं, ह्या बाई त्या डिक्शनरीवाल्यांच्या कोण लागतात, आणि त्यांच्या भुताच्या गोष्टी कुणी वाचल्या असतील तर मुलांना सांगण्यासारख्या आहेत का आणि त्यातली कुठली?

मोडी_वाचक:

नात्याचं आधी. मोल्सवर्थ हे त्यांचं सासरचं आडनाव. माहेरच्या त्या मेरी लुईसा स्ट्युअर्ट, जन्म १८३९ चा, तोही हॉलंडमधे रॉटरडॅमला, वडील व्यापारी, वाढल्या मँचेस्टरला. १८६१ मधे लग्न झालं रिचर्ड मोल्सवर्थ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याशी, तो एका व्हायकाउंट (म्हणजे उमराव) मोल्सवर्थचा पुतण्या.

आपले मोल्सवर्थ म्हणजे जेम्स थॉमस, कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतले, मराठीत इतके मुरले की लोक त्यांना मोलेसरशास्त्री म्हणायचे. त्यांच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, कँडी बंधू जोडीला होते (त्यातले थॉमस कँडी म्हणजे मराठीत विरामचिन्हं आणणारे आपले मेजर कँडी). तेव्हा बाईंचा जन्मही झाला नव्हता. दुसरी आवृत्ती १८५७ ला आली तेव्हा बाई अठरा वर्षांच्या आणि अजून कुमारी स्ट्युअर्टच. त्यामुळे कोशकारांच्या घरात वाढलेली मुलगी वगैरे काही डोक्यात असेल तर काढून टाका. भुताच्या गोष्टींबद्दल आपला पास, दुसरे जाणकार येतीलच.

रात्रपाळी:

आले आले. मी नाइट शिफ्टला असते, दोन कॉलच्या मधे भुताच्या गोष्टी वाचणं हा माझा जुना धंदा आहे आणि मोल्सवर्थ बाईंच्या सगळ्या वाचल्यात, त्यामुळे हे जरा लांबणार, चहा घेऊन बसा.

मुख्य दोन पुस्तकं, 'फोर घोस्ट स्टोरीज' १८८८ आणि 'अनकॅनी टेल्स' १८९६. मुलांची पुस्तकं मिळून बाईंची एकूण शंभराच्या आसपास जातात, म्हणजे भुतं म्हणजे त्यांचा साइड बिझनेस. पण गंमत अशी की हातखंडा तोच आहे. तुम्ही कुकू क्लॉक वाचलंयत ना, आता बघा, जुनं घर, त्यात एकटं पडलेलं माणूस, आणि घरातली एखादी जुनी वस्तू जी रात्री जागी होते. हेच सगळं सामान भुताच्या गोष्टींतही आहे, फरक इतकाच की मुलांच्या पुस्तकात ती वस्तू बोलते, हात धरून फिरवून आणते आणि सकाळच्या आत अंथरुणात आणून सोडते, आणि भुताच्या गोष्टीत ती बोलतच नाही. कितीही विचारा. मला तरी बाईंची सगळी भीती त्या न बोलण्यात आहे असं वाटतं.

उदाहरण देते. १८७९ चं 'द टॅपेस्ट्री रूम', मुलांचं पुस्तक. फ्रान्समधलं जुनं घर, ह्यू नावाचा मुलगा तिथे राहायला येतो, त्याच्या खोलीत भिंतीवर ते विणलेले चित्रांचे मोठे पडदे असतात, आणि चांदण्या रात्री त्या पडद्यातलं चित्र जिवंत होतं, एक म्हातारा कावळा वाटाड्या होतो (कावळा नेहमीचा नाही, तो रेव्हन, डोमकावळा म्हणा) आणि तो मुलगा आणि त्याची नात्यातली बहीण (सख्खी नव्हे) झान पडद्यातून आत जातात. आणि मग १८९६ च्या पुस्तकातली 'द शॅडो इन द मूनलाइट' घ्या. परत तसाच विणलेला पडदा, परत चांदणं. इथे चांदण्यात भिंतीवरून एक सावली सरकत जाते, हात चाचपडत, काहीतरी शोधत असल्यासारखे, आणि ती जवळून गेली की गारठा येतो. कुटुंबाला आधी वाटतं घर झपाटलेलं आहे. नंतर कळतं की भूत घराला नाही, त्या पडद्याला लागलंय, पडदा जाईल तिथे सावली जाणार! पुढचं सांगत नाही, वाचा. पण एकाच बाईनं तेच सामान घेऊन सतरा वर्षांच्या अंतरानं एकदा मुलांना खुश केलंय आणि एकदा मोठ्यांची झोप उडवलीय.

आता तुमच्या पोरांचं. बाईंची भुतं कुणाचा गळा बिळा दाबत नाहीत. रक्त नाही, किंकाळ्या नाहीत, उलटे पाय नाहीत. भूत दिसतं, बघणाऱ्याला कळत नाही हे काय होतं, आणि नंतर कुणाकडून तरी समजतं की ते कोण असणार. बास. मला स्वतःला त्यामुळे काही गोष्टी अर्धवट वाटल्या, 'अनएक्सप्लेन्ड' तर नावातच सांगून टाकलंय (जर्मनीतल्या एका खेड्यात खाणावळीत उतरलेली आई आणि तिची दोन मुलं, मुलीला तिथे एक तरुण दिसतो, आणि एका चिनीमातीच्या कपाचा धागा, छान आहे पण मुलं शेवटाला 'मग?' विचारतील). 'द मॅन विथ द कफ' आगगाडीच्या प्रवासातली आहे, त्यात कामाची गुपितं वगैरे भानगड, मोठ्यांसाठीच. 'रिपलिंग ट्रेन' बिलकुल नको, त्यात भाजण्याचा संदर्भ आहे, कुणाच्या घरात काय झालेलं असेल आपल्याला माहीत नसतं.

माझं मत विचाराल तर 'लेडी फार्कर्स ओल्ड लेडी'. तरुणपणी आजारातून उठलेली ही बाई आयर्लंडमधे एका भाड्याच्या जुन्या घरात राहत असते आणि तिला त्या घरात एक म्हातारी दिसते, जुन्या पद्धतीचे कपडे, दुःखी चेहरा, काही न बोलता निघून जाते. पुढे समजतं की ते घर ज्यांचं होतं त्यांना ते सोडून दूर जावं लागलं होतं. म्हणजे ती घाबरवायला आलेलीच नाही हो, तिला आपलं घर आठवतंय. हे कोथरूडच्या पोरांना न कळायला काय झालं, ह्यातल्या निम्म्यांचे आजीआजोबा पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला जाऊन इकडे आलेले असणार.

तिरकस_कोथरूड:

म्हणजे हे भूत नाही, भाडेकरू-मालक वाद आहे. पुण्यात हे कोर्टात असतं, आणि तिथेही काही बोलत नाहीत, पुढची तारीख देतात.

बाकी मोल्सवर्थ बाईंचं एवढं कौतुक मला पटत नाही, स्पष्ट सांगतो. मी 'हेर बेबी' वाचायला घेतलं होतं, १८८१ चं, तो चिमुरडा इतकं बोबडं बोलतो की दहा पानांत माझे दात आंबले, आणि हे बोबडं बोलणं त्यांच्या कितीतरी पुस्तकांत आहे. शिवाय प्रत्येक प्रकरणात उपदेश, हट्ट करू नये, मोठ्यांचं ऐकावं, नोकरमाणसं कायम हसतमुख. तुम्हाला दोन्ही प्रकार लिहिणारी बाईच हवी असेल तर ई. नेस्बिट घ्या ना, वीसेक वर्षांनी लहान, तिची मुलं भांडतात, पैशाच्या खटपटी करतात, फसतात, खरी वाटतात. तिनेही भयकथा लिहिल्यात आणि त्या खरंच भीती वाटायच्या आहेत.

रात्रपाळी:

@तिरकस, कोर्टाचं मान्य 😂 आणि बोबड्याचंही मान्य, मोठ्यानं वाचताना ते गाळायचं, तसंही मराठीत सांगताना ते आपोआप गळतं.

पण नेस्बिटच्या भयकथा मुलांना? 'मॅन साइझ इन मार्बल' वाचलीय का तुम्ही? चर्चमधले दोन संगमरवरी सरदार वर्षातून एका रात्री उठून चालायला लागतात आणि नव्यानं संसार मांडलेल्या जोडप्याच्या घरी जातात, शेवट तर असा की मी शिफ्टला ऑफिसमधे लोक असताना दिवे लावले होते. नेस्बिट लहानपणी फ्रान्समधे बोर्दोला ममी बघून जी घाबरली ती घाबरलीच, ती भीती तिनं नंतर मोठ्यांच्या गोष्टींत ओतली, आणि मुलांच्या पुस्तकांत पाच भावंडांना वाळूत एक चिडकं जादूचं प्राणी सापडलं, तेही त्यांची सगळी फजिती करणारं. तिच्यात हे दोन कप्पे वेगळे आहेत. मोल्सवर्थ बाईंचा कप्पा एकच आहे, म्हणून तर मुलांना त्या भुतांच्या जवळ नेता येतं.

आणि उपदेशाबद्दल, तुम्ही 'द कार्व्हड लायन्स' वाचा, १८९५ चं. जेराल्डिनचे आईवडील दक्षिण अमेरिकेला जातात आणि तिला बोर्डिंगमधे टाकतात. मुलगी खोटं बोलते असा ठपका येतो, कुणी तिचं ऐकून घेत नाही, शेवटी ती पावसात पळून जाते आणि एका फर्निचरच्या दुकानात शिरते जिथे दारात लाकडात कोरलेले दोन सिंह आहेत, त्यांच्याजवळ झोपी जाते आणि ते सिंह तिला आईकडे घेऊन जातात असं तिला दिसतं. ह्यात मोठ्यांचं ऐका असं कुठेय, उलट मोठ्यांनी मुलांचं ऐकलं नाही तर काय होतं ते आहे. आणि ते शहर म्हणजे नाव बदललेलं मँचेस्टर, बाईंचं स्वतःचं लहानपणीचं गाव.

बाईंना दुःख काही कमी नव्हतं. नवऱ्याला क्रायमियाच्या लढाईत डोक्याला जखम झालेली, त्यानंतर स्वभाव फार तापट, १८७९ मधे दोघं कायदेशीर वेगळे झाले. सात मुलं, त्यातली दोन लहानपणीच गेली. म्हणजे लिखाण ही हौस नव्हती, घर चालवायचं होतं. आधी 'एनिस ग्रॅहम' ह्या टोपणनावानं मोठ्यांच्या कादंबऱ्या लिहीत होत्या, मग नोएल पेटन नावाच्या चित्रकारानं सुचवलं की मुलांसाठी लिहा, १८७५ ला 'टेल मी अ स्टोरी' आलं आणि गाडी सुरू झाली. चित्रं वॉल्टर क्रेनची, ती बघाच.

तिरकस_कोथरूड:

बरं, सिंहवालं वाचतो. पण हेर बेबीला माफी नाही.

गच्चीवरची:

बापरे एवढं सगळं! खूप धन्यवाद, विशेषतः रात्रपाळी. म्हातारीची गोष्ट शोधून वाचली आत्ताच, खरंच भीती नाही वाटत, पोटात कसंतरी होतं फक्त. पण मला अडचण अशी वाटतीय की गोष्टीत तसं काहीच 'घडत' नाही. मोठ्यांना ते चालतं, पण सात वर्षांचं पोर एका म्हातारीच्या नुसत्या येण्याजाण्यावर किती वेळ गप्प बसेल? आणि आयर्लंड, लेडी, अमुक, हे सगळं तसंच ठेवू की सरळ पुण्यात आणू? आमच्या सोसायटीचा छोटासा दिवाळी अंक निघतो, त्यात मराठी करून द्यायची पण इच्छा आहे, परवानगी वगैरे लागते का?

मोडी_वाचक:

परवानगीचं सोपं आहे. बाई १९२१ मधे वारल्या, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट, तो केव्हाच संपला. रूपांतर करा, छापा. मूळ लेखिकेचं नाव तेवढं द्या, आपल्याकडे ते विसरायची पद्धत आहे. मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्ग ह्या जुन्या पुस्तकांच्या साइटवर फुकट आहे.

दिवाळी अंकाची कल्पना एकदम योग्य, तिकडे त्या काळात मासिकांचे नाताळ विशेषांक निघायचे आणि त्यात भुताची गोष्ट ठरलेली. आपल्या दिवाळी अंकातली गूढकथा तशीच.

निवृत्त_मास्तर:

गच्चीवरची ताई, मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो, मुलांना भुताच्या गोष्टी सांगण्यात हयात गेली, दोन गोष्टी सांगतो.

मुलांना भूत सांगू नये हे पालक म्हणतात, पण मुलं शनिवारवाड्याची सहल करून येतात तेव्हा 'काका मला वाचवा' ऐकूनच येतात की. १७७३ मधे नारायणरावाला मारलं ही खरी घटना, आणि ती आपण अगदी मीठमसाला लावून पोरांना सांगतो. त्यापुढं ही आयरिश आजी म्हणजे काहीच नाही. मुलं भुताला भीत नाहीत, सांगणारा मधेच थांबला आणि गोष्ट पुरी न करता उठून गेला तर भितात. म्हणून दिवसाउजेडी सांगा, गोष्ट त्याच बैठकीत संपवा, आणि संपल्यावर लगेच घरी सोडू नका, पंधरा मिनिटं नुसत्या गप्पा मारा, खाऊ द्या.

एकच माणूस बालवाङ्मय आणि गूढकथा दोन्ही कसं लिहील असं वाटत असेल तर आपल्याकडे रत्नाकर मतकरी होते ना. 'अलबत्या गलबत्या' त्यांचंच, चेटकीण बघून पोरं हसून लोळायची, आणि त्यांच्याच गूढकथा वाचून त्याच पोरांचे आईबाप दिवा चालू ठेवून झोपायचे. हे दोन्ही करणाऱ्याला मुलाच्या डोळ्यांनी खोली बघता येत असावी. मोठ्या माणसाला कपाट दिसतं. मुलाला कपाटामागची जागा दिसते.

आता काही घडत नाही त्याचं. मुलांना घडवायला लावा. म्हातारी दिसली इथपर्यंत तुम्ही सांगा आणि थांबा, विचारा ती काय शोधत असेल? मग बघा, चष्मा, मांजर, देवघरातली घंटा, नातवाचं खेळणं, काय वाटेल ते सांगतील. ते सगळं ऐकून घ्या आणि मग शेवट सांगा. आणि माझं म्हणाल तर आयर्लंड ठेवू नका, पेठेतला वाडाच करा, नाहीतर तुमचा निम्मा वेळ लेडी म्हणजे कोण हे सांगण्यात जाईल. सावलीची गोष्ट मात्र तिकडचीच राहू द्या, चांदण्यातल्या लांब गॅलऱ्या आपल्या वाड्यात बसत नाहीत.

अजून एक. गोष्ट सांगायच्या आधी जमलं तर मुलांना केळकर संग्रहालयात घेऊन जा, शुक्रवारातच तर आहे. जुने दिवे, अडकित्ते, दौती, खेळणी, दारं, असल्या हजारो घरगुती वस्तू आहेत तिथे, प्रत्येकीला कुणाचा तरी हात लागलेला. मस्तानी महाल तर तुमच्याच कोथरूडहून उचलून आणून तिथे उभा केलाय, म्हणजे तुमच्या रात्रपाळीबाई म्हणतात तसं, वस्तू हलली की सावली हलते का हे विचारायला पोरांना आयतं सामान. आणि संग्रहालयाचं नाव 'राजा' का, तर दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणी वारला, त्याच्या आठवणीत. हे मुलांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी सांगायचो. मुलं शांतपणे ऐकतात, पुढच्या दालनात गेली की परत दंगा.

प्रत्येकानं तिथली एक वस्तू निवडायची, ती रात्री बोलली तर काय म्हणेल ते लिहून आणायचं. ज्याची वस्तू बोलायला तयार नसेल त्यानं ती का बोलत नाही ते लिहायचं.

रात्रपाळी:

मास्तर, शेवटचं वाक्य मी चोरतेय.

गच्चीवरची:

मास्तर काका, ठरलं! आधी संग्रहालय, मग पुढच्या रविवारी म्हातारी, वाड्यातली करून. घाबरणाऱ्या मुलाच्या आईला आत्ताच मेसेज केला, ती म्हणाली मी पण येऊन बसते, मग चालेल. अंकासाठी लिहून झालं की मसुदा इथेच टाकते, तिरकस सोडून सगळ्यांनी सुचवा (तिरकस, तुम्ही पण सुचवा पण गोड शब्दांत).

तिरकस_कोथरूड:

गोड शब्द हेर बेबीकडून उसने आणतो. बाकी संग्रहालयाला मी पण येऊ का, मूल नाहीये माझ्याकडे, पण भाचा मिळेल, तो नऊ वर्षांचा आहे आणि त्याला भूत सोडून कशाचीच भीती वाटत नाही.